घरात कॉम्प्युटर हवा, पण कोणता?

शाळेचे प्रोजेक्ट, नोकरीचे अर्ज, थोडा हिशेब. एवढ्यासाठी दुकानात गेलात की समोर पहिला येतो तो चाळीस हजारांचा लॅपटॉप. मशीन घराबाहेर जाणार नसेल तर तो घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

बिलं, तिकिटं, यूपीआय यांना हातातला फोन पुरतो. तो अडतो लांबलचक टायपिंगला, एक्सेलला आणि फॉर्मसाठी सहीचा फोटो ठरावीक केबीत बसवायला. ही कामं वर्षातून दोन-चारदाच असतील तर सायबर कॅफे स्वस्त पडतो.

रोजची असतील तर डेस्कटॉप. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला रिफर्बिश्ड छोटा सीपीयू साधारण 14 ते 16 हजार, मॉनिटर 7, कीबोर्ड-माउस 1 आणि यूपीएस 3 हजार, म्हणजे 25 ते 27 हजारांत बस्तान बसतं. भाव दुकानागणिक बदलतात, तेव्हा चार ठिकाणी विचारा. माउस बिघडला तर तीनशेत नवा येतो. लॅपटॉपचा कीबोर्ड गेला तर सगळं मशीन उघडावं लागतं. विजेची धास्ती नको: सीपीयू-मॉनिटर मिळून 60 वॉट, रोज पाच तास, म्हणजे महिन्याला 9 युनिट.

रिफर्बिश्ड घेताना प्रोसेसरचा आकडा स्वतः वाचा. इंटेलच्या 'आय5-8500'मधला 8 म्हणजे आठवी पिढी. 'आय5-10400'मध्ये 10, म्हणजे दहावी. 'आय5-7500' कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला इंटेलची साधारण आठवी पिढी तरी लागते. एसएसडी हवीच, रॅम 8 जीबी. दुसरा रॅम स्लॉट मोकळा आहे का, तेही झाकण उघडून दाखवायला सांगा.

मूल हॉस्टेलला जाणार असेल किंवा गावी वीज तासन्‌तास जात असेल, तर मात्र लॅपटॉपच. यूपीएस जेमतेम फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता टिकतो. लॅपटॉप घेताना तीन-चार वर्षांनी बॅटरीचे 3 ते 5 हजार आजच हिशेबात धरा.

काहीही घ्या, जीएसटीचं पक्कं बिल घ्या. त्यावर सीरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. दुकानदार पुढे हात वर करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवताना हेच बिल लागतं.