सेल्फ लागतो, पण इंजिन सुरू होत नाही : निदानाची दिशा

मोटार सुरू होत नाही, या एका तक्रारीत दोन अगदी निराळे दोष एकत्र सांगितले जातात आणि निदानाची वाट बहुधा तेथेच चुकते. किल्ली फिरवल्यावर नुसता 'टक्' असा आवाज येऊन सारे शांत राहत असेल, तर दोष बॅटरी, तिची टोके, सेल्फ किंवा त्याला वीज पोहोचवणाऱ्या तारा यांत शोधावा लागतो. याउलट सेल्फ, म्हणजे बॅटरीच्या विजेवर इंजिनाला पहिले फेरे देणारी विद्युत मोटार, नेहमीच्या जोमाने फिरत असेल, इंजिनही तिच्याबरोबर फिरत असेल आणि तरीही ते स्वतःच्या बळावर चालू लागत नसेल, तर बॅटरीने आपले काम बऱ्याच अंशी केलेले असते आणि ती बदलून सहसा काहीही साधत नाही. पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. सेल्फ मारताना तो खाली येतोच, परंतु साडेनऊ व्होल्टच्या खाली घसरला तर इंजिनाचा कारभार पाहणारा संगणक, ज्याला गॅरेजमध्ये ईसीएम म्हणतात, तो डळमळू लागतो. म्हणून सेल्फचा आवाज मंद आणि जड असेल तरच आधी बॅटरीकडे पाहावे.

पेट्रोल इंजिनाला पेट घेण्यासाठी हवा, योग्य दाबाने येणारे इंधन, प्लगवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये निर्माण होणारा दाब या चार गोष्टी लागतात, आणि त्या चारही योग्य क्षणी एकत्र याव्या लागतात. सेल्फ इंजिनाला मिनिटाला साधारण २०० ते २५० फेरे देतो; तेवढ्या गतीत या गोष्टी जुळल्या की इंजिन स्वतः पेट घेऊन सातशे-आठशे फेऱ्यांवर स्थिरावते. यांपैकी एखादी जरी अनुपस्थित असली तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते, आणि म्हणूनच लक्षणावरून थेट सुट्या भागाकडे उडी घेणे धोक्याचे ठरते. निदानाची खरी कसोटी अशी तपासणी निवडण्यात आहे, जिच्या उत्तराने संशयाच्या क्षेत्राचा निम्मा भाग एकदम निर्दोष ठरेल. भाग बदलून पाहणे ही तपासणी नव्हे, कारण नवा भाग बसवताना जोडण्या हलतात, ढिला संपर्क तात्पुरता जुळतो, मूळ पुरावा पुसला जातो आणि इंजिन सुरू झाले तरी ते कशामुळे झाले हे कोणालाच सांगता येत नाही.

महाराष्ट्रातील शहरांत आज मोठ्या संख्येने दिसणाऱ्या पेट्रोल-सीएनजी मोटारींच्या बाबतीत ही चूक विशेष महाग पडते, आणि पुढे दिलेला अनुभव अशाच एका कुटुंबाच्या मोटारीचा आहे. मोटार रोज गॅसवर धावत असे, पेट्रोलची टाकी कायम तळाला टेकलेली असे आणि काट्याजवळचा पिवळा दिवा महिनोन्महिने पेटलेलाच राहत असे. पावसाळ्यातील एका सकाळी सेल्फ व्यवस्थित लागला, परंतु इंजिनाने पेट घेतला नाही. पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्याने बॅटरी उतरली, तेव्हा दोष बॅटरीचा ठरवून नवी बॅटरी आणली गेली. तीही निष्फळ ठरल्यावर चारही प्लग बदलले गेले, त्यानंतर पावसाचे पाणी वायरिंगमध्ये गेल्याचा तर्क झाला आणि शेवटी ईसीएम निकामी झाल्याचे सांगून तो बदलण्याचा मोठा खर्च पुढे ठेवण्यात आला. या साऱ्या काळात पेट्रोलचा पंप चालतो की नाही, हे कोणीही कान देऊन ऐकले नव्हते.

वास्तविक ते ऐकणे अत्यंत सोपे असते. बहुतेक पेट्रोल मोटारींत हा विजेचा पंप टाकीच्या आत बसवलेला असतो आणि सेल्फ न मारता किल्ली नुसती 'ऑन' केली की तो दोन-तीन सेकंद चालून नळीत दाब निर्माण करतो आणि थांबतो. खिडक्या लावून, पंखा व रेडिओ बंद करून मागच्या आसनाशी एकाने कान द्यावा आणि दुसऱ्याने किल्ली फिरवावी; त्या वेळी येणारी बारीक गुणगुण हा पंप जिवंत असल्याचा पुरावा आहे, मात्र पुरेसा दाब निर्माण होतो आहे याचा नाही. तो दाब मापकानेच पाहावा लागतो आणि पारंपरिक पद्धतीच्या इंजेक्शनमध्ये तो साधारणतः तीन-चार बारच्या आसपास अपेक्षित असतो.

सीएनजी मोटारीत तर याहूनही निर्णायक कसोटी हाताशी असते. अशा बहुतेक मोटारी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, परंतु अनेक गॅससंचांत इंधन बदलण्याचे बटण दाबून धरून इंजिन थेट गॅसवर सुरू करण्याची आपत्कालीन सोय असते आणि तिची नेमकी रीत संचाच्या पुस्तिकेत दिलेली असते. गॅससाठी इंजेक्टर वेगळे असतात, पण ठिणगी, सेन्सर, सिलिंडरमधील दाब आणि टायमिंग ही दोन्ही इंधनांसाठी एकच असतात. म्हणजे मोटार गॅसवर सुरू झाली आणि पेट्रोलवर झाली नाही, तर ती सारी यंत्रणा एका क्षणात निर्दोष ठरते आणि दोष पेट्रोलच्या वाटेवरच शिल्लक राहतो. त्या कुटुंबाच्या मोटारीत ही कसोटी अखेर घेतली गेली, तेव्हा इंजिन गॅसवर सहज सुरू झाले. मग पंपाच्या जोडणीवर मल्टिमीटर लावून किल्ली ऑन केली असता तेथे बारा व्होल्ट येत होते आणि अर्थिंगही शाबूत होते, तरी पंप मुका होता. वीज पोहोचत नसती तर फ्यूज, रिले, म्हणजे मोठ्या प्रवाहाची चालूबंदी करणारा लहान विद्युत खटका, किंवा उंदरांनी कुरतडलेली तार यांचा शोध घ्यावा लागला असता. ती पोहोचत असल्यामुळे पंप जळाल्याचे निःसंशय झाले.

पंप जळण्याचे कारण टाकीतच होते. हा पंप त्याच्यातून वाहणाऱ्या पेट्रोलमुळेच थंड राहतो आणि त्याच्या फिरत्या भागांना वंगणही त्यातूनच मिळते. टाकी सतत रिकामी ठेवली तर तो तापतो, तळाचा गाळ ओढतो आणि वेळेआधी निकामी होतो. शिवाय देशातील पेट्रोलमध्ये आता सुमारे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, त्यामुळे दमट हवेत महिनोन्महिने पडून राहिलेल्या थोड्याशा पेट्रोलात पाणी वेगळे होऊन पंप जेथून इंधन ओढतो त्या तळाशीच साचू शकते. गॅसवर चालणाऱ्या मोटारीतही टाकी किमान पाव भरलेली ठेवणे आणि दर आठवड्याला काही किलोमीटर पेट्रोलवर चालवणे यासाठीच आवश्यक आहे. हा थोडासा खर्च वाचवण्याच्या आग्रहापायी पुढे किती पैसा आणि मनस्ताप वाया जातो, हे कळकळीने सांगितले पाहिजे.

पंप चालत असूनही इंजिन सुरू होत नसेल, तर नजर फेऱ्यांच्या काट्याकडे वळवावी. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर दातेरी चक्र असते आणि त्याचे दाते मोजून दांडा कोठे आहे हे ईसीएमला कळवणाऱ्या साधनाला क्रँक सेन्सर म्हणतात. हा संकेत आला नाही तर ईसीएम ठिणगीही देत नाही आणि इंधनही सोडत नाही. पुष्कळ मोटारींत सेल्फ मारताना काटा किंचित हलतो. तो शून्यावरच खिळून राहिला तर या सेन्सरवर संशय घ्यावा, आणि स्कॅनरवर पी०३३५ हा दोषांक दिसल्यास सेन्सरबरोबर त्याची तारही तपासावी, कारण दोषांक सर्किटमधील बिघाड सांगतो, दोषी भाग सांगत नाही. तापलेल्या इंजिनात हा सेन्सर दगा देतो आणि अर्ध्या तासाने गार झाल्यावर पूर्ववत चालतो, असेही अनेकदा घडते. अशी मोटार गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत निर्दोष झालेली असते, म्हणून बिघाडाच्या वेळी इंजिन गरम होते की गार, ही नोंद मालकानेच ठेवावी. किल्लीचे चित्र असलेला दिवा लुकलुकत राहिला तर चोरीपासून संरक्षण करणाऱ्या इमोबिलायझरने किल्ली ओळखलेली नाही असे समजून दुसरी किल्ली वापरून पाहावी. ठिणगीची परीक्षा मात्र तार हातात धरून कधीही करू नये, कारण तेथे हजारो व्होल्टचा दाब असतो आणि जवळ पेट्रोलची वाफ असेल तर आग लागू शकते. त्यासाठी मिळणारा स्पार्क टेस्टरच वापरावा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. त्यामुळे तेथे इंधनवाहिनीत शिरलेली हवा, तुंबलेला फिल्टर, कॉमन रेलमधील, म्हणजे सर्व इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या सामाईक नळीतील, अपुरा दाब आणि थंड प्रदेशात निकामी ग्लो प्लग, म्हणजे गार इंजिनात सिलिंडरची हवा तापवणारे विजेचे प्लग, यांचा विचार आधी करावा लागतो.

काही प्रसंगी पुन्हा सेल्फ मारणे हेच नुकसानीचे कारण ठरते. एरवीही एका वेळी दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये आणि मध्ये त्याला गार होऊ द्यावे, पण सेल्फचा आवाज अचानक हलका, वेगवान आणि एकसुरी झाला असेल, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शक्यता असते. हा पट्टा झडपांची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवून ठेवतो आणि तो तुटल्यावर अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या झडपांवर आदळतो. पुराच्या पाण्यातून आलेल्या मोटारीचा धोका तर याहून मोठा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा मोटारीच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल, तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून पाणी हवेच्या फिल्टरपर्यंत पोहोचल्याची शंका जरी असली, तरी किल्ली न फिरवता बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, मोटार टोचन करून न्यावी आणि प्लग काढून इंजिन हाताने फिरवल्यावर सिलिंडरमधून पाणी येते का ते पाहूनच पुढचे ठरवावे.