सायकलची फ्रेम : विलायती की देशी?

नंदी हिल्सच्या उतारावर सरांनी आम्हाला थांबवले, तेव्हा माझ्या परदेशी ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हँडलच्या नळीजवळ केसाएवढी चीर दिसली. बंगळूरमध्ये वेल्डरकडून जोडून घेतली. पंधरा दिवसांत टाक्याच्या शेजारीच पुन्हा चीर!

मित्र देशाला नावे ठेवू लागले. मला कारण धातूत सापडले. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश वजनाचे, पण ताठपणाही तेवढाच. म्हणून नळीचा घेर वाढवतात. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतचा भाग नरम पडतो. कारखान्यात त्यावर भट्टीत उष्णोपचार करून ताकद परत आणतात. रस्त्याकडेला भट्टी कुठली?

साताऱ्याचे आजोबा आपल्या हर्क्युलसला विलायती म्हणत. नाव बर्मिंगहॅमचे खरे, पण सायकल मद्रासच्या टीआय सायकल्सची. इंग्रज कंपनीच्या भागीदारीत ती १९४९ मध्ये सुरू झाली. पोलादी नळ्या सॉकेटात बसवून पितळेने जोडलेल्या. निखळल्या तर गावचा कारागीरही जोडतो. चढावर मात्र ती दम काढते, हे आजोबा सांगत नाहीत.

आता मी निघण्याआधी प्रत्येक जोड पुसून, टॉर्च मारून पाहतो. नवी फ्रेम कोणती, यावर बाबांशी बोलणी चालू आहेत.