पायडल आणि पाऊल

सायकलचे जे भाग स्वाराच्या शरीरास टेकतात ते तीनच आहेत : बैठक, हँडल आणि पायडल. पैकी पहिल्या दोहोंवर शरीर नुसते विसावलेले असते. पायडलाशी मात्र त्याचा व्यवहार अखंड चालू असतो. हा व्यवहार केवढा आहे हे एका साध्या हिशेबाने कळून येईल. आपल्याकडील नेहमीच्या २८ इंची सायकलच्या चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर भरतो. पुढील दातेरी चक्रास ४४ व मागील चक्रास १८ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे सरकते. अर्थात १० किलोमीटरांच्या प्रवासात प्रत्येक पावलास १,८०० हून अधिक वेळा पायडल दाबावे लागते. शाळेस जाऊन-येऊन रोज एवढे अंतर तोडणारी मुलगी सहा दिवसांत आपला प्रत्येक गुडघा सुमारे अकरा हजार वेळा वाकविते आणि सरळ करते. पाऊल किंचित चुकीचे पडत असले तर एका फेऱ्यात त्याचे काहीच वाटणार नाही. पण अकरा हजार फेऱ्यांनंतर गुडघा त्याची तक्रार केल्यावाचून राहत नाही.

पाऊल पायडलावर नेमके कोठे असावे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर तरफेच्या नियमात आहे. पाऊल ही एक तरफ असून घोटा हा तिचा टेकू होय. पायडल पुढच्या बाजूस वर रेटते आणि पोटरीचा स्नायू टाचेमागील जाड कंडरेच्या द्वारे टाच वर ओढून तो रेटा तोलून धरतो. घोट्यापासून ही कंडरा ५ सेंटिमीटरांवर व चवड्याचा सांधा १२ सेंटिमीटरांवर आहे असे धरू, आणि पायडलावर २० किलोग्रॅम भार देत आहोत असे मानू. तर पोटरीला २० गुणिले १२ भागिले ५, म्हणजे ४८ किलोग्रॅम ओढ सोसावी लागेल. तोच भार बोटांच्या टोकांनी, १६ सेंटिमीटरांवरून दिला तर ही ओढ ६४ किलोग्रॅम होईल. उलट तळव्याच्या कमानीने, ६ सेंटिमीटरांवरून दिला तर ती अवघी २४ किलोग्रॅम भरेल.

यावरून कमानीनेच पायडल मारणे सर्वांत सोयीचे असे कोणास वाटेल. पुष्कळ लोक तसे मारतातही. परंतु त्यात घोट्याची लवचीकता वाया जाते. रस्त्यावरचा धक्का थेट गुडघ्यापर्यंत पोहोचतो, आणि काही सायकलींवर वळताना बोटे पुढच्या चाकास किंवा मडगार्डला घासतात. म्हणून मध्यम मार्ग असा की, अंगठ्याच्या मुळाशी चवड्याचा जो रुंद सांधा असतो तो पायडलाच्या आसावर, किंवा त्याच्या एक-दोन सेंटिमीटर पुढे यावा. लांब पल्ल्याच्या स्वारास पाऊल थोडे अधिक पुढे सरकविलेले मानवते, कारण त्याच्या पोटऱ्या उशिरा थकतात. पातळ, मऊ चपलेतून पायडलाच्या कडा चवड्यात रुततात व बोटांना मुंग्या येतात. अशा वेळी दोष बहुधा पायाचा नसून तळाचा असतो.

पाऊल बदलले की बैठकही बदलावी लागते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. कमानीऐवजी चवड्याने पायडल मारू लागताच पायाची उपयोगी लांबी वाढते; बैठक पूर्वीइतकीच ठेवली तर गुडघा अधिक वाकलेला राहतो. उंची ठरविण्याची जुनी रीत अशी : बैठकीवर सरळ बसावे, पायडल अगदी खाली आणावे व त्यावर टाच ठेवावी. गुडघा जेमतेम सरळ होत असेल तर उंची योग्य समजावी. मग टाचेच्या जागी चवडा आणला की गुडघ्यास हवा तेवढा बाक आपोआप मिळतो. १९६७ साली हॅमली व टॉमस या ब्रिटिश संशोधकांनी प्रयोगान्ती असे मांडले की, पायडलापासून बैठकीच्या माथ्यापर्यंतचे अंतर पायाच्या आतील लांबीच्या १०९ टक्के असावे. पायाची लांबी ७६ सेंटिमीटर असेल तर हे अंतर सुमारे ८३ सेंटिमीटर येते. परंतु मांडी व नडगी यांचे प्रमाण माणसागणिक निराळे असल्याने आता मापापेक्षा कोनावर अधिक भर देतात : पायडल तळाशी असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. बैठक फार खाली असल्यास गुडघ्याच्या पुढील भागात, वाटीभोवती दुखते. फार वर असल्यास मागील भागात ओढ बसते आणि मागून पाहणाऱ्यास स्वाराची कंबर डोलताना दिसते. मात्र गर्दीच्या रस्त्यावर पाय चटकन जमिनीस टेकला पाहिजे. तेव्हा नवशिक्याने बैठक दोन बोटे खाली ठेवली तर ती चूक म्हणता येणार नाही.

पश्चिम बंगालमध्ये २०१५ साली सुरू झालेल्या ‘सबुज साथी’ योजनेखाली नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्यात येतात. अशा सायकली ठरावीक मापाच्या येतात. एका वर्गातील मुले मात्र एका मापाची नसतात. बैठकीखालचा एक नट सैल करण्यास दोन मिनिटे लागतात, तरीही कित्येक सायकली दुकानातून आल्या त्याच उंचीवर वर्षानुवर्षे चालविल्या जातात. भाड्याच्या सायकलींची तीच कथा. दांडी वर घेताना तिच्यावरील मर्यादेची खूण नळीबाहेर येऊ देऊ नये, एवढी काळजी पुरेशी आहे.

पावलाची दिशा हा त्यानंतरचा विचार. उंच टेबलावर बसून पाय मोकळे सोडावेत व बोटे कोणीकडे वळतात ते पाहावे. कोणाची सरळ राहतात, कोणाची किंचित बाहेर जातात. पायडलावरही तीच दिशा ठेवावी. केवळ नीटनेटके दिसावे म्हणून पाऊल बळेच सरळ करू नये, कारण त्या पिळाचा भार अखेर गुडघ्यावर पडतो. मात्र गुडघा वर-खाली होताना पावलाच्या रेषेतच राहिला पाहिजे. शर्यतीच्या सायकलपटूंना या नियमाची प्रचिती विशेष आली. लूक या फ्रेंच कंपनीने १९८४ साली बर्फावर घसरण्याच्या पट्ट्यांच्या धर्तीवर बूट अडकविणारे पायडल काढले आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनो याने ते वापरून फ्रान्सची प्रसिद्ध शर्यत जिंकली. बूट असा जखडला गेला की बसविताना झालेली चूक प्रत्येक फेऱ्यात तंतोतंत तशीच घडत राहते. म्हणून पुढे अशा पायडलांत पावलास काही अंश हलण्याची मुभा ठेवण्यात आली. साध्या रबरी पायडलावर ती मुभा मुळातच असते.

पुष्कळदा दोष स्वाराचा नसून यंत्राचा असतो. सायकल पडल्याने पायडलाचा आस वाकला, तर पाऊल प्रत्येक फेऱ्यात डोलते. पायडल हाताने सावकाश फिरवून मागून पाहिले म्हणजे हा बाक सहज दिसतो. कॉटर पिन झिजली असल्यास क्रँक किंचित खेळतो आणि दाब देताना ‘खट्’ असा आवाज येतो. पायडल बदलताना एक गोष्ट लक्षात ठेवावी : डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, म्हणून तो घड्याळाच्या उलट दिशेने आवळावा लागतो. दोन्ही सरळ आट्यांचे केले असते, तर आस भोकात सूक्ष्मपणे लोळत गेल्याने डावा पायडल चालता चालता सुटून आला असता. ‘एल’ व ‘आर’ ही अक्षरे आसाच्या टोकावर कोरलेली असतात ती याच कारणाने. पुसट झालेले अक्षर वाचता येत नसेल, तर आट्यांचा चढ पाहावा : आस उभा धरला असता उजव्याचे आटे उजवीकडे चढतात, डाव्याचे डावीकडे.