हवामान आधारित पीक विमा : अल्पभूधारक आणि मोजमापाचा प्रश्न

शेतीतील अनिश्चितता हा भारतीय अर्थव्यवस्थेपुढील जुना प्रश्न आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सुमारे ८६ टक्के वहितीधारक अल्प व अत्यल्प भूधारक आहेत. म्हणजे त्यांची जमीन दोन हेक्टरपेक्षा कमी आहे. एका हंगामात पावसाने दगा दिला की बियाणे, खते व मजुरीवरील खर्च वाया जातो, कर्ज थकते आणि पुढील पेरणीसाठी सावकाराचे दार ठोठवावे लागते. ही साखळी तोडण्याचे एक साधन म्हणून हवामान आधारित पीक विम्याकडे पाहिले जाते.

पार्श्वभूमी

पावसाच्या नोंदीवरून भरपाई ठरविण्याची कल्पना भारतात नवी नाही. म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृषी विम्यावरील ग्रंथात पर्जन्यमानावर आधारित विम्याची योजना मांडली होती. प्रत्यक्षात मात्र देशपातळीवरील योजनांनी उत्पादनाचा निकष स्वीकारला. १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना आणि १९९९-२००० च्या रब्बी हंगामापासून आलेली राष्ट्रीय कृषी विमा योजना या दोन्ही पीक कापणी प्रयोगांवर अवलंबून होत्या. प्रयोग पूर्ण होऊन आकडेवारी हाती येईपर्यंत पुढचा हंगाम उजाडत असे. गरजेच्या वेळी न मिळालेली भरपाई लहान शेतकऱ्याच्या फारशी उपयोगी पडत नाही.

या पार्श्वभूमीवर २००३ च्या खरिपात तत्कालीन आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्यात ‘बेसिक्स’ ही संस्था आणि आयसीआयसीआय लोम्बार्ड यांनी भुईमूग व एरंडी उत्पादकांसाठी पर्जन्य विम्याचा प्रयोग केला. २००४ मध्ये भारतीय कृषी विमा कंपनीची ‘वर्षा विमा’ योजना आली. २००७ च्या खरिपात कर्नाटकातून हवामान आधारित पीक विमा योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. २०१६ मध्ये प्रधानमंत्री पीक विमा योजनेबरोबर तिची पुनर्रचना झाली. शेतकऱ्याच्या हप्त्याचा वाटा खरिपात विमा संरक्षित रकमेच्या कमाल २ टक्के, रब्बीत १.५ टक्के आणि वार्षिक नगदी व फलोत्पादन पिकांसाठी ५ टक्के ठरविण्यात आला. २०२० च्या खरिपापासून कर्जदार शेतकऱ्यांसाठीही सहभाग ऐच्छिक झाला.

कार्यपद्धती

या विम्यात शेतातील नुकसान मोजले जात नाही. ठरावीक क्षेत्रासाठी एक संदर्भ हवामान केंद्र निश्चित केले जाते. तेथील पाऊस, तापमान, आर्द्रता किंवा वाऱ्याचा वेग यांची नोंद आधी ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की भरपाई देय होते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जुलै महिन्यासाठी २०० मिलिमीटर ही मर्यादा असून त्याखालील प्रत्येक मिलिमीटरच्या तुटीसाठी हेक्टरी ५० रुपये ठरले आहेत. केंद्रावर १४० मिलिमीटर पाऊस नोंदला गेल्यास तूट ६० मिलिमीटर आणि भरपाई हेक्टरी ३,००० रुपये होईल. त्या क्षेत्रातील त्या पिकाच्या सर्व विमाधारकांना हाच दर लागू होतो. त्यासाठी दावा किंवा पंचनाम्याची गरज नसते.

लाभ

पहिला लाभ वेगाचा व कमी प्रशासकीय खर्चाचा. दुसरा लाभ विमाशास्त्रातील ‘नैतिक जोखमी’शी संबंधित आहे. पाऊस कोणाच्याही हाती नसल्याने भरपाईच्या आशेने पिकाची हेळसांड करण्यास प्रलोभन उरत नाही. उलट मेहनतीने पीक वाचविणाऱ्यालाही भरपाई मिळते. तिसरे म्हणजे, अनेक तोडण्या होणाऱ्या फळपिकांत उत्पादनाचे मोजमाप अवघड असते. त्यामुळेच महाराष्ट्रात डाळिंब, संत्रा, आंबा, काजू, केळी अशा पिकांसाठी मृग व आंबिया बहारात ही पद्धत राबविण्यात आली.

मर्यादा

ज्या वैशिष्ट्यामुळे हा विमा स्वस्त व जलद होतो, त्यातच त्याचा मुख्य दोष दडलेला आहे. केंद्रावरील नोंद आणि शेतातील वास्तव यांतील तफावतीला ‘आधार जोखीम’ म्हणतात. मोसमी पाऊस शिवारागणिक बदलतो. केंद्रावर सर पडली व काही किलोमीटरवरील शेत कोरडे राहिले, तर हप्ता भरूनही शेतकरी रिकाम्या हाताने राहतो. महिन्याची सरासरी पूर्ण झाली, पण फुलोऱ्याच्या काळात खंड पडला, तर कालावधी नीट न आखलेल्या करारात तेच घडते. कीड व रोग यांचे नुकसानही हवामानाच्या आकड्यांत पुरतेपणी उमटत नाही.

मोठा बागायतदार असा फटका सोसू शकतो. दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तो विमा नसण्यापेक्षाही जड जातो, कारण नुकसानीत हप्त्याची भर पडते. असा अनुभव एकदा आला की विश्वास उडतो, आणि ऐच्छिक योजना विश्वासावरच चालते.

उपाययोजना

म्हणून हप्त्यावरील अनुदानाइतकेच महत्त्व केंद्रांच्या घनतेला आहे. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पांतर्गत महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘विंड्स’ ही माहिती प्रणाली सुरू केली. विकासगट पातळीवर हवामान केंद्र आणि ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक हे तिचे उद्दिष्ट आहे. गारपीट व ढगफुटी यांसारख्या स्थानिक आपत्तींसाठी जोड संरक्षणाची तरतूद आहे. याशिवाय उपकरणांची नियमित तपासणी, नोंदींची गावात जाहीर उपलब्धता आणि पिकाच्या अवस्थांनुसार मर्यादांची आखणी आवश्यक आहे.

समारोप

हवामान आधारित विमा हा जलसंधारण, सिंचन व वेळेवर कर्जपुरवठा यांचा पर्याय नसून पूरक आहे. त्याचे यश किती शेतकऱ्यांनी अर्ज भरले यावरून ठरवू नये. पीक गेलेल्या वर्षी, पीक गेलेल्या शेतकऱ्याला, पुढील पेरणीपूर्वी रक्कम मिळाली का, हीच त्याची खरी कसोटी आहे.