कॅमेरा तुमचा, चावी कोणाकडे?

प्रश्न : गणपतीच्या कारखान्यात चार कॅमेरे लावलेत, मोबाइलवर दिसतात. पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवलाय तोच आहे. मूर्तींशिवाय चोरण्यासारखं काही नाही, मग काळजी कशाला? – एक वाचक, जिते (ता. पेण)

उत्तर : मूर्ती कोणाला नकोच आहेत, हवा असतो तो तुमचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी. तो इंटरनेटला जोडलेला छोटा संगणकच. 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने कंपनीने दिलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून लाखो कॅमेरे, राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या माऱ्याने ट्विटर, नेटफ्लिक्स अडले. मालकांना पत्ताही नव्हता, कारण चित्र नीट दिसतच होतं!

मिराई डीव्हीआर बंद-चालू केला की पुसला जाई. पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत हजर. म्हणून आधी नेटची वायर काढा, डीव्हीआर बंद-चालू करा, त्याच्याच स्क्रीनवर पासवर्ड बदला, मगच वायर जोडा. ‘अ‍ॅडमिन’चा हक्क बसवणाऱ्याच्या मोबाइलवर अजून असेल, तर काढायला लावा, संकोच नको. एप्रिल 2025 पासून नव्या सीसीटीव्हींना सुरक्षा-चाचणी सक्तीची झाली, पण भिंतीवरच्या जुन्या कॅमेऱ्याचं तुम्हालाच बघावं लागेल. राउटरचा पासवर्डही त्याच बैठकीत बदलून टाका.