अरण्यातील कनू-प्रवास आणि किशोरवयीनांसाठी गळमासेमारीचे मोजके साहित्य

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर सीमेवर ‘बाउंडरी वॉटर्स कनू एरिया वाइल्डरनेस’ हे संरक्षित अरण्य पसरलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ १० लाख एकरांहून अधिक असून त्यात एक हजाराहून अधिक सरोवरे आहेत. बहुतांश सरोवरांत यंत्रचलित नौकांना मनाई असल्यामुळे वल्ह्याने चालणारी हलकी, अरुंद कनू नाव हेच प्रवासाचे साधन ठरते. उन्हाळी सुटीत किशोरवयीनांचे गट येथे अनेक दिवसांच्या प्रवासाला जातात. त्यांच्यासाठी मासेमारीचे साहित्य निवडताना वाहण्याजोगे वजन, मुलांची सुरक्षितता आणि जलसृष्टीचे रक्षण या तीन कसोट्या लावाव्या लागतात. तिन्हींचा निष्कर्ष एकच निघतो: साहित्य थोडे असावे आणि प्रत्येक वस्तूमागे कारण असावे.

वजनाचा हिशेब

दोन सरोवरांमधील जमिनीवरून नाव व सामान खांद्यावर वाहून न्यावे लागते. या वाटेला ‘पोर्टेज’ म्हणतात आणि तिची लांबी ‘रॉड’ या जुन्या एककात मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, अर्थात सुमारे ५ मीटर. १०० रॉडची वाट साधारण ५०० मीटरची होते. परंतु सामान दोन खेपांत न्यायचे झाल्यास जाणे, परतणे व पुन्हा जाणे मिळून दीड किलोमीटर चालावे लागते. म्हणून काठी व रीळ धरून मासेमारीचे सर्व साहित्य एक किलोच्या आत बसवावे.

काठी, रीळ आणि दोर

सुमारे ६ फुटांची, मध्यम ताकदीची, सुटे भाग जोडता येणारी एक काठी पुरेशी असते. तिला लहान स्पिनिंग रीळ लावावे, कारण नवशिक्यास ते लवकर हाताळता येते. दोर ८ पौंड, म्हणजे सुमारे ३.६ किलो ताण सोसणारा एकपदरी नायलॉनचा घ्यावा. हा दोर किंचित ताणला जातो, त्यामुळे माशाचा झटका सोसतो. त्याला गाठ मारणेही सोपे असते.

मासे आणि आमिषे

या पाण्यात वॉलाय, स्मॉलमाउथ बास, नॉर्दर्न पाईक आणि लेक ट्राउट हे प्रमुख मासे मिळतात. वॉलायचे डोळे मंद प्रकाशात उत्तम पाहतात; म्हणून तो पहाटे व संध्याकाळी अधिक सक्रिय असतो. बास खडकाळ काठाशी, तर पाईक पाणवनस्पतींच्या आसपास दबा धरतो. लेक ट्राउटला थंड पाणी लागत असल्याने भर उन्हाळ्यात तो खोल जातो. त्याच्यासाठी वेगळी साधने लागतात. उन्हाळी प्रवासात त्याचा नाद सोडल्यास डब्यातील भार बराच घटतो.

उरलेल्या तीन माशांसाठी पुढील संच पुरतो:
१. वजनदार डोक्याचे गळ (जिग), ३.५ ते ७ ग्रॅमचे : ६ ते ८
२. त्यांवर चढविण्याची मऊ कृत्रिम आमिषे : १ लहान पिशवी
३. चमकणारे धातूचे आमिष (स्पून) : २
४. तरंगणारे लहान मत्स्याकृती आमिष : १
५. पोलादी तारेचे अग्रदोर : २ (पाईकच्या तीक्ष्ण दातांनी नायलॉन तुटतो)
६. लांब चोचीची पक्कड व दोर कापण्याची कात्री : प्रत्येकी १

गांडुळे का नेऊ नयेत?

शेतकऱ्याचा मित्र मानले जाणारे गांडूळ या अरण्यात उपद्रवी ठरते. हिमयुगातील हिमनद्यांनी झाकलेल्या या प्रदेशात मूळची गांडुळे नव्हती. तेथील वनस्पती जमिनीवर साचलेल्या पालापाचोळ्याच्या जाड थरावर अवलंबून राहिल्या. आमिष म्हणून आणून टाकून दिलेली गांडुळे हा थर वेगाने खातात आणि रोपांचे पुनरुज्जीवन अडते. कृत्रिम आमिष हा येथे उचित पर्याय होय. मात्र तुटलेले प्लॅस्टिक व दोराचे तुकडे परत आणलेच पाहिजेत.

शिसे टाळावे

लून हा मिनेसोटाचा राज्यपक्षी. अन्न दळण्यासाठी तो तळाचे बारीक खडे गिळतो. त्यांसोबत शिशाचे वजन पोटात गेल्यास विषबाधेने त्याचा मृत्यू ओढवतो. कथिल, बिस्मथ किंवा टंगस्टनची वजने वापरावीत. टंगस्टन महाग असले तरी शिशापेक्षा घन असल्याने आकाराने लहान राहते.

सुरक्षितता

अरण्यात रुतलेला गळ ही गंभीर बाब ठरते, कारण रुग्णालय एक-दोन दिवसांच्या अंतरावर असू शकते. निघण्यापूर्वीच प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा आणि तिहेरी गळाच्या जागी एकेरी गळ बसवावा. असा गळ बोटातून आल्या मार्गाने काढता येतो व माशालाही कमी इजा होते. डोळ्याजवळ रुतलेला गळ मात्र काढू नये. तो न हलविता झाकून वैद्यकीय मदत मिळवावी. नावेत प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे. पोर्टेजच्या वाटेवर काठीला गळ लटकत ठेवू नये. सोडून द्यायचा मासा ओल्या हातांनी धरावा, अन्यथा त्याच्या त्वचेवरील संरक्षक श्लेष्मा निघून जातो. खाण्यासाठी मासा साफ केल्यास अवशेष तळ, वाट व किनाऱ्यापासून दूर पुरावेत. त्यांच्या वासाने अस्वले येतात.

नियम

या अरण्यात एका गटात कमाल ९ व्यक्ती व ४ नावांना मुभा असते. सीमेपलीकडे कॅनडातील क्वेटिको उद्यानात काटा नसलेले गळ व कृत्रिम आमिषेच चालतात. वयानुसार लागणारा मासेमारी परवाना, मासे ठेवण्याची मर्यादा व हंगाम प्रवासापूर्वी तपासावेत.

सारांश

भारतातही महसीरसारखे मासे गळाने पकडून पुन्हा पाण्यात सोडले जातात. काटा दाबलेला गळ, शिसेविरहित वजन आणि दोराचा तुकडाही मागे न ठेवण्याची सवय तेथेही तितकीच उपयोगी आहे. डबा भरताना प्रत्येक वस्तूचे प्रयोजन मुलाकडूनच वदवून घ्यावे. ज्या वस्तूचे प्रयोजन त्याला सांगता येत नाही, ती घरी ठेवावी.