४,२९,४९,६७,२९७ फोडताना

मोठ्या संख्यांचे अवयव पाडायचा मला नाद आहे. वीजबिलाचा ग्राहक क्रमांकही चालतो. पण या नादाला लागलेल्या नव्या माणसाला मी एकच संख्या देतो : ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. २ चा घात १, २, ४, ८ असा दुप्पट करत नेला आणि १ मिळवला, की हिचं घराणं मिळतं. या घराण्यातल्या पहिल्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही मूळ संख्या. तेव्हा पुढच्याही मूळच असणार, असं फर्माने १६४०च्या सुमारास मानलं. १७३२मध्ये ऑयलरने सहावी फोडली.

१. फुकटातलं काम आधी उरकावं. शेवटी ७ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. ७, ११, १३ यांचा गुणाकार १००१. त्यामुळे तिघांना एकच कसोटी पुरते. लाख-कोटींचे स्वल्पविराम विसरून उजवीकडून तीन-तीन अंक तोडायचे आणि आलटून पालटून अधिक-वजा करायचे : २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. ३८०ला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही. शाळेत ११ची कसोटी शिकवतात, मग हिनेच काय घोडं मारलंय?

२. कुठे थांबायचं ते आधी ठरवावं. वर्गमूळ ६५,५३६च्या किंचित पुढे. तिथपर्यंत मूळ संख्या ६,५४२. एवढे भागाकार हाताने करायची हौस मला नाही.

३. म्हणून भागण्याआधी संख्येची घडण बघावी. सगळी मजा इथे आहे. समजा, एखाद्या मूळ संख्येने हिला भाग जातो. मग त्या संख्येने भागल्यावर २ च्या ३२व्या घाताची बाकी −१ येणार आणि ६४व्या घाताची १. म्हणजे २ च्या घातांच्या बाक्यांचं चक्र बरोबर ६४ पावलांनी पुरं होतं, त्याआधी नाही. आता फर्माचंच प्रमेय सांगतं की विभाजकातून १ वजा केला, की तेवढ्या पावलांनीही बाकी १च येते. तेव्हा त्या वजाबाकीला ६४ने भाग जायलाच हवा. ६४च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या कोणत्या? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नाला भाग जातो :

६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७

फर्माचा तर्क फर्माच्याच प्रमेयाने पाडला!

४. विभाजक न शोधताही संख्या संयुक्त ठरवता येते. ३ घ्यावा, ३२ वेळा वर्ग करत दर वेळी या संख्येने भागून बाकी ठेवावी. संख्या मूळ असती, तर शेवटी १ उरला असता. तो उरत नाही. २ मात्र घेऊ नये. या घराण्यातल्या झाडून सगळ्या संख्यांना तो क्लीन चिट देतो.

५. उत्तर सापडल्यावर ते पुन्हा उलटसुलट बघावं. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजे ६२५ + १६सुद्धा. पहिल्या रूपावरून ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८वा घात, याची बाकी १. दुसऱ्यावरून ५ च्या चौथ्या घाताच्या जागी −१६ ठेवता येतो. १६ म्हणजे २ चा चौथा घात. म्हणून २ च्या ३२व्या घाताची बाकी −१. झालं, भागाकार न करता सिद्धता.

६. उरलेला अवयवही तपासावा. ६७,००,४१७चं वर्गमूळ २,५८८च्या आसपास. एदुआर ल्युकाने पुढे दाखवलं की इथे ६४ऐवजी १२८ धरता येतात. मग उमेदवार उरतात फक्त २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. एकाचाही भाग जात नाही, म्हणून ही संख्या मूळ. वहीचं अर्धं पानही लागत नाही.